न आलेल्या दुपारचे आकडे

नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. शाळेत तुम्हाला जहाजांच्या धुराबद्दल शिकवलं. फ्रिजवर तारे असतात तशी जहाजांनाही ए ते ई अशी श्रेणी मिळते हे तुम्हाला कळलं, आणि जेवताना तुम्ही बाबांना विचारलंत की त्यांच्या शेवटच्या जहाजाची श्रेणी काय होती. ते ‘डी’ म्हणाले. का, असं विचारल्यावर ताटावरून उठून गेले. मग धाकटीने मला विचारलं, “आजी, बाबांनी काही चूक केली होती का?”

नाही. हे आधी लिहून टाकते, कारण बाकीचं सांगायला वेळ लागेल. तुम्ही तेव्हा इथे, वारज्याच्या याच फ्लॅटमध्ये राहत होतात, पण लहान होतात. मोठ्याला थोडं आठवत असेल. तुमची आई हे सांगणार नाही, बाबा तर नाहीच. राहिले मी, आणि माझ्या वयाला कामं पुढे ढकलणं बरं नव्हे.

कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर मला नोकरी मिळाली ती तुमच्या बाबांमुळे. ते मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होते. त्यांच्या कंपनीच्या जहाजांच्या धुराचा हिशोब पुण्यात, बिबवेवाडीतल्या एका ऑफिसात होत असे. खाली भांड्यांचं दुकान, वर तीन खोल्या. “आम्ही धूर सोडतो अटलांटिकमध्ये आणि तो मोजतात बिबवेवाडीत,” असं बाबा जेवताना सांगायचे. जहाजांवरून येणारं खलाशांचं इंग्रजी परदेशातल्या तपासनिसांना कळत नसे. ते नीट करून द्यायला कोणीतरी हवं होतं.

ऑफिसचे साहेब एके काळी स्वतः जहाजावर होते, पण मुळात पक्के पुणेकर. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दाखवली आणि म्हणाले, “बाई, तुमचे विद्यार्थी चुकीची उत्तरं देत असतील. जहाजं उत्तरच देत नाहीत. सवय होईल.”

धूर मोजतात म्हणजे काय, हे मलाही तिथेच कळलं. धुराड्यात कोणी काही बुडवून बघत नाही. तेल किती जळलं ते मोजायचं आणि त्यावरून धूर काढायचा. एक टन तेल जळलं की साधारण तीन टन कार्बन डायऑक्साइड होतो. एकाचे तीन कसे, असं मी विचारलं. शेजारच्या टेबलावरची वर्ध्याची मुलगी म्हणाली, “काकू, बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.” मला ते पटायला आठवडा गेला.

श्रेणी मात्र नुसत्या धुरावर मिळत नाही. मी नवा सिलिंडर लावला की कॅलेंडरवर खूण करते, हे तुम्ही पाहिलं आहे. पण सिलिंडर लवकर संपला म्हणून मी उधळी ठरत नाही; घरात पाहुणे किती जेवले तेही पाहायला हवं. जहाजाचं तसंच. किती धूर सोडून, केवढं ओझं नेऊ शकणारं जहाज, किती अंतर गेलं, याचा भागाकार करतात. अंतर खाली असतं. जहाज जागच्या जागी उभं राहून तेल जाळू लागलं तर आकडा वाढतच जातो, कारण पाहुणे नसताना शेगडी चालू आहे.

हे सगळं जहाजाकडून रोज एकदा, भर दुपारी बारा वाजता येतं. त्याला नून रिपोर्ट म्हणतात. तेल किती, अंतर किती, वारा कसा, आणि शेवटी शेऱ्याच्या दोन ओळी. गंमत अशी की ते बारा जहाजाचे बारा असतात. जहाज पूर्वेला निघालं की त्यावरची घड्याळं थोडी थोडी पुढे करत जातात. त्यामुळे आपल्याकडे येणारं एखादं जहाज लांब असताना त्याची दुपार पुण्यात चहाच्या वेळी उजाडायची, आणि जवळ येत गेलं की आमच्या डब्याच्या वेळेपर्यंत सरकायची. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक जहाजाचा एक ठिपका होता. मी त्याकडे फारसं पाहत नसे. कोणाची दुपार किती वाजता झाली, यावरूनच मला ते कुठपर्यंत आलं याचा अंदाज यायचा.

तुमच्या बाबांच्या जहाजाचा रिपोर्टही माझ्याच टेबलावर यायचा. जावयाचं इंग्रजी रोज तपासणारी सासू पुण्यात दुसरी नसेल. जहाज कुठे आहे हे बाहेर सांगायचं नाही असा ऑफिसचा नियम होता आणि मी तो पाळला. मी स्वतःला एकच सूट दिली होती. संध्याकाळी घरी आले की तुमची आई विचारायची, “आज किती?” आणि मी जळलेल्या तेलाचा आकडा सांगायची.

तिला तेवढं पुरायचं. चोवीसच्या आसपास म्हणजे खुला समुद्र, सगळं नेहमीसारखं. अठ्ठावीस म्हणजे वारा समोरून, नवऱ्याला झोप नाही. तीन म्हणजे बंदर, रात्रीपर्यंत फोन येणार. कित्येक घरांत नवऱ्याची खुशाली पत्राने किंवा फोनने कळत असेल, आमच्याकडे ती टनांत कळायची. तुम्ही दोघं तिथेच खेळत असायचात आणि कधी कधी आईच्या आधी तुम्हीच विचारायचात.

त्या उन्हाळ्यात त्यांचं जहाज सुएझकडून भारताकडे निघालं. लाल समुद्रात तेव्हा जहाजांवर हल्ले होत होते. कंपनीने सांगितलं की त्या पट्ट्यात जहाजाने आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद ठेवायचं आणि कोणाशीही बोलायचं नाही. बाबांनी फोन करून तुमच्या आईला सांगितलं की आता काही दिवस फोन येणार नाही, काळजी करू नकोस.

पण रिपोर्ट येत राहिले. चोवीस पूर्णांक एक. वारा मध्यम. सर्व ठीक. मी घरी येऊन आकडा सांगायची, तुमची आई “बरं” म्हणायची आणि कुकर लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा चोवीस पूर्णांक एक. मला बरंच वाटलं. त्या समुद्रातून जाताना इतकं सुरळीत चाललंय म्हणजे देवाची कृपा.

कशामुळे शंका आली ते नीट सांगते. मे महिन्यातली बिबवेवाडीची दुपार तुम्हाला माहीत नाही. खालचं दुकान अर्धं शटर ओढून झोपतं, रस्त्यावर रिक्षासुद्धा नसते, आणि पंख्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही. अशा वेळी, अडीचच्या सुमारास, माझ्यासमोर त्यांचा रिपोर्ट उमटायचा. एक दिवस तो उमटला तेव्हा मी डबा धुवून येत होते आणि सहज मनात आलं, की कालही मी डबा धुवूनच आले होते. परवाही. जहाज आपल्याकडे येत होतं. त्याची दुपार आतापर्यंत सरकून माझ्या जेवणाच्या वेळेवर यायला हवी होती. ती अडीचवरच अडकली होती.

मग मी मागचे रिपोर्ट एकाखाली एक लावून पाहिले. तेल तेवढंच, वारा तोच, शेरा तोच. समुद्रावर कोणाचे दोन दिवस इतके सारखे जात नाहीत. तुमचे बाबा तर शेऱ्यात काही ना काही कुरकुर करायचेच, पंपाची, नाहीतर स्वयंपाक्याची.

मी वर्ध्याच्या मुलीला बोलावलं. तिने पडद्याकडे वाकून पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली गेला.

“काकू, अक्षरं फिकी आहेत नं ही. हा आलेला नाही. भरलेला आहे.”

मला कळेना. साहेबांनी समजावलं. एखाद्या दिवशी जहाजाचा रिपोर्ट आला नाही तर त्या जागी, शेवटच्या रिपोर्टच्याच वेळेला, मागच्या दिवसांची सरासरी ठरावीक शेऱ्यासह आपोआप भरली जाते, आणि ठिपकाही तेवढाच पुढे सरकतो. सगळीकडे असंच करतात, नियमाला धरून आहे. मध्येच खाडा पडला तर वर्षाच्या बेरजेतून धूर गायब होईल. “जहाज गप्प बसलं म्हणून धूर थांबत नाही, बाई,” ते म्हणाले.

“आणि जहाजच थांबलं असेल तर?”

“तर खरे आकडे आल्यावर दुरुस्त करू.”

फोन बंद झाला त्या दिवसापासूनचे सगळे रिपोर्ट फिके होते. माझा चष्मा जुना होता, आणि फिक्या अक्षरांचा काही अर्थ असेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी रोज घरी नेत होते ती खुशाली जहाजाची नव्हतीच. ती आमच्याच ऑफिसात, त्या दुपारच्या शांततेत, कोणीही न टाइप करता तयार होत होती.

स्वारगेटला बस बदलून घरी पोचले तेव्हा तुमची आई भेंडी चिरत होती. तिने विचारलं, “आज किती?” मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. तिने भेंडी चिरणं थांबवलं नाही.

“कालचाही?”

“कालचाही. परवाचाही.”

तिने उरलेली भेंडी संपवली, मग कंपनीला फोन लावला. जहाजाला गप्प राहायलाच सांगितलं आहे, असं उत्तर मिळालं. पुढे काही दिवसांनी त्याच आवाजाने सांगितलं, की संपर्क होत नाही, प्रयत्न चालू आहेत.

पण त्याआधी, दुसऱ्याच संध्याकाळी, मी चप्पल काढत असताना तिने पुन्हा विचारलं, “आज किती?”

“अगं, तुला सांगितलं ना काल?”

“माहीत आहे. तरी सांग.”

“चोवीस पूर्णांक एक.”

“बरं,” ती म्हणाली आणि कुकर लावला.

मी साहेबांना म्हटलं, ते आकडे काढून टाका. त्यांनी मान हलवली. “काढले तर तिथे शून्य दिसेल. शून्य दिसलेलं चालेल का तुम्हाला?” चालणार नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते जहाज तसंच चालू दिलं.

ते दिवस मला अजून नीट सांगता येत नाहीत. अडीच वाजले की माझ्यासमोर तो रिपोर्ट उमटायचा, कोणी शेजारी येऊन बसावं तसा. त्या जहाजाला कधी वारा लागला नाही. त्यावर काही बिघडलं नाही, कोणी आजारी पडलं नाही. ठिपका रोज सारखाच सरकायचा. खरं जहाज आयुष्यात कधी इतकं चांगलं चाललं नव्हतं. साहेबांनी एकदा त्याची श्रेणी काढून पाहिली तर ती सुधारून ‘बी’वर गेली होती. ते स्वतःशीच म्हणाले, “माणसं नसली की बरं चालतं,” आणि मग मी तिथे बसले आहे हे लक्षात येऊन कागद चाळू लागले. मला राग आला नाही. मीही तेच पाहत होते. ते खरं नाही हे ठाऊक होतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी अडीच वाजायची मी वाट पाहायची.

एक दिवस ते पोचलं. ठिपका आपल्या किनाऱ्यापाशी आला, राहिलेलं अंतर शून्य झालं आणि त्याचा हिरवा रंग निळा झाला, म्हणजे प्रवास पूर्ण. साहेबांनी बंदरातल्या एजंटला फोन केला. असं कोणतंही जहाज आलेलं नाही, तो म्हणाला. पडद्यावर मात्र ते नांगर टाकून उभं होतं. प्रवास संपला म्हटल्यावर भरायलाही काही उरलं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी अडीच वाजले आणि काहीच उमटलं नाही.

त्या संध्याकाळी तुमच्या आईने नेहमीचा प्रश्न विचारला.

“आज काही नाही,” मी म्हटलं. “पोचलं ते.”

“कोण पोचलं?”

मोठ्या, तू तेव्हा सोफ्यामागे खेळत होतास आणि तू ‘पोचलं’ एवढंच ऐकलंस. थोड्या वेळाने पाहिलं तर तू कपाटातून बाबांच्या घरातल्या सपाता काढून दाराशी मांडून ठेवल्या होत्यास, पुढची टोकं घराच्या आत करून, म्हणजे दार उघडून ते सरळ त्यांत पाय घालतील. तुमच्या आईने त्या उचलल्या नाहीत. मीही नाही. आम्ही त्यांच्या बाजूने जात-येत राहिलो. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की सगळेच दाराकडे बघायचो.

खरे रिपोर्ट आले ते सकाळी. अडीचशी त्यांचा काही संबंध नव्हता. मी नुकती टेबलाशी बसले होते आणि समोर एकामागून एक येऊ लागले, सगळ्या राहिलेल्या दुपारींचे एकदम. अक्षरं काळी होती. जहाजावरचं संदेश पाठवायचं यंत्र जळलं होतं, ते कोणीतरी जोडून चालू केल्याबरोबर इतके दिवस अडकून पडलेलं सगळं सुटलं होतं.

मुख्य इंजिनाचं तेल: शून्य. अंतर: जवळजवळ काही नाही, पाणी नेईल तेवढं. पण त्याखाली जनरेटरची ओळ असते. तिथे पहिल्या दिवशी होतं दोन पूर्णांक दोन. मग एक पूर्णांक आठ. मग दीड. आकडा रोज उतरत होता. तेल वाचवण्यासाठी कोणीतरी एकेक दिवा, एकेक पंखा बंद करत चाललं होतं. आणि ते आकडे सरासरीचे नव्हते. टाकीत टेप सोडून, ती वर ओढून, तेल कुठपर्यंत लागलं ते बघूनच असा आकडा मिळतो. पाठवायची काही सोय नसताना कोणीतरी रोज दुपारी टाकीपाशी जाऊन ते करत होतं.

शेऱ्यात लिहिलं होतं, की इंजिन रूममध्ये आग लागली होती, विझली. एक खलाशी गेला. एक जनरेटर चालू. दिवे फक्त जेवणाच्या खोलीत.

मी जिन्यात जाऊन तुमच्या आईला फोन केला. नियम मोडणार होते, काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तिने फोन उचलताच सवयीने विचारलं, “आज किती?”

“एक पूर्णांक एक,” मी म्हटलं.

खालच्या दुकानात कोणीतरी पातेली एकात एक बसवत होतं.

“म्हणजे खरा,” ती म्हणाली, आणि मग ती रडली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या जहाजाने त्यांना ओढून आणलं, बाबा घरी आले, पुन्हा जहाजावर गेले नाहीत, आणि किनाऱ्यावरची नोकरी मिळाली ती तुमच्या त्या थंड देशात. म्हणून मी इथे आणि तुम्ही तिथे.

आता श्रेणीबद्दल. वर्षअखेरीस फिके आकडे पुसून तिथे खरे भरले. तेल जळलं होतं आणि अंतर गेलं नव्हतं, म्हणजे भागाकार बिघडणारच. अशा संकटातले दिवस हिशोबातून वगळता येतात, तशी तरतूद आहे. पण त्यासाठी घडलेल्या प्रसंगाचा अहवाल जोडावा लागतो: आग कशी लागली, कोण कुठे होतं, कोण कसं गेलं. तो लिहायचा चीफ इंजिनिअरने. साहेबांनी मला सांगितलं, की घरातच आहेत तर तुम्ही विचारून बघा. ते दिवस वगळले असते तर ‘सी’ मिळाली असती.

मी एकदाच विचारलं. बाबा गॅलरीत उभे होते. ते म्हणाले, “आई, तेलाचा व्हॉल्व्ह बंद करायला तो खाली गेला होता. मी पाठवलं म्हणून गेला. त्याचं मरण धुराच्या हिशोबात श्रेणी वाढवायला नको वापरायला.”

मी ऑफिसात जाऊन सांगितलं की अहवाल मिळणार नाही. साहेबांनी “ठीक” म्हटलं आणि ‘डी’ कायम झाली. तुम्ही विचारल्यावर बाबा ताटावरून उठले ते यासाठी. तुमच्यावर ते रागावलेले नाहीत. त्यांना पुन्हा विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ते सांगतील.

ते जहाज नंतर भंगारात गेलं. ऑफिस बंद झालं, तिथे आता कोचिंग क्लास आहे. साहेब मुलाकडे राहायला गेले, वर्ध्याची मुलगी हैदराबादला आहे आणि दिवाळीला मला फोन करते. पडदा, ठिपके, माझं टेबल, यातलं काही उरलेलं नाही. त्या दिवसांत एका जनरेटरने जेवणाच्या खोलीतले दिवे चालू ठेवले. त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहणारा आहे. तो अजून हवेत आहे.

तुमची आजी